दहावं पान

मे महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात आणि राखणीला कोणीतरी बसावं लागतं. २०१८ च्या मे महिन्यात तो मान माझा होता. कोल्हापूर, मंगळवार पेठ, सकाळचे दहा, डोक्याला पंचा, हातात वेताची काठी आणि खिशात फोन. फोनमध्ये व्हॉट्सअॅपवर आलेली बारा पानांची एक पीडीएफ. ती येऊन चार दिवस झाले होते आणि मी ती उघडली नव्हती.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. धंद्याने फुटबॉलपटू, जागा स्टॉपरची. पेठेच्या तालमीकडून सुरुवात केली, मग पुणे, मग गोवा आणि शेवटची तीन वर्षं घरापासून बाराशे किलोमीटरवरच्या एका शहरात. शहराचं नाव सांगत नाही, सांगितलं तर क्लब ओळखू येईल. माणसं चांगली होती. ३१ मे रोजी माझा करार संपत होता आणि त्यांनी एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली होती.

गच्चीवर चढायला मला त्रास नव्हता, उतरायला होता. सकाळी घोटा वळायचाच नाही. भिंतीला हात लावून एकेक पायरी तिरका उतरायचो, आमची आजी उतरायची तसा. अकराच्या सुमारास सांधे जरा सैल झाले की मग मी खेळाडू दिसायला लागायचो.

आता ती फाईल का उघडली नाही, ते सांगतो. क्लबकडून एका ओळीचा मेसेज आला असता की धन्यवाद, पुढच्या मोसमात तुमची गरज नाही, तर मी तो लगेच वाचला असता. मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी नको म्हणावं, मी चार दिवस तोंड पाडून बसावं, पेठेतल्या लोकांनी क्लबला शिव्या घालाव्यात आणि मी घरी राहावं. ठरवायचं काम माझ्यावर येऊ नये. पण आली ऑफर.

बाहेरच्या माणसाला हे चोचले वाटतील. चौतिसाव्या वर्षी कोणी पगार देतोय आणि हा कावळे हाकलत बसलाय! बरोबर आहे. आमच्या धंद्यात बहुतेकांना हा प्रश्न पडतच नाही, कारण बहुतेकांना कोणी विचारतच नाही. मोसम संपतो, फोन वाजत नाही, ऑगस्ट येतो आणि माणूस समजून जातो. माझ्याबरोबर खेळलेल्या दहातल्या आठांचं असंच झालं. ज्यांच्या दारात ही पीडीएफ येते ते नशीबवानच. पण नशीबवान माणसालाही रात्री झोप लागत नाही, हे मी पाहिलंय.

मुदतवाढीचं गणित समजायला थोडं मागं जावं लागेल. जाँ-मार्क बोस्मान हा बेल्जियमचा एक मधल्या फळीतला खेळाडू. फार मोठा नव्हे. १९९० मध्ये लिएज क्लबबरोबरचा त्याचा करार संपला आणि त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. करार संपला तरी लिएजने पैसे मागितले, सौदा फिसकटला आणि बोस्मान अडकून बसला. तेव्हाची रीतच ती होती. मुदत संपली तरी खेळाडूची दोरी क्लबच्याच हातात. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपला की खेळाडू मोकळा. यात त्याचं स्वतःचं करिअर गेलं, बाकीच्यांचं भलं झालं.

आज फिफाच्या नियमात करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा. शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबबरोबर सही करू शकतो. म्हणून तरण्या पोराच्या मागं क्लब दीड-दोन वर्षं आधीच मुदतवाढीचा कागद घेऊन फिरतो. तो फुकट निघून गेला तर नुकसान क्लबचं. आमच्यासारख्यांचं नेमकं उलटं. चौतिशीच्या स्टॉपरला विकत घ्यायला कोण येणार? त्यामुळं क्लबला घाई नसते. एप्रिल संपेपर्यंत बघतात, गुडघा बघतात, बाजारात दुसरा कोण मिळतो ते बघतात आणि मग एक वर्ष देतात.

आर्सेनलमध्ये आर्सेन वेंगर प्रशिक्षक असताना हा रिवाजच होता. तिशी उलटली की एकेका वर्षाचीच वाढ. डेनिस बर्गकामसारखा कलावंतसुद्धा वर्षावर्षाच्या कागदावर खेळला. रोबेर पिरेस मात्र थांबला नाही. १७ मे २००६ रोजी पॅरिसजवळ चॅम्पियन्स लीगची फायनल होती, समोर बार्सिलोना. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलकीपर लेमान लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. दुसरा गोलकीपर आत आणायचा तर कोणालातरी बाहेर काढायला हवं, म्हणून पिरेसला काढलं. स्वतःच्या देशात, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात, वीस मिनिटंही पुरी न होता. आर्सेनलने एक वर्ष देऊ केलं होतं, स्पेनच्या व्हियारिआलने दोन. तो बत्तीस वर्षांचा होता आणि तो स्पेनला गेला. लोक म्हणतात रागानं गेला. असेलही. पण बत्तिशीतल्या माणसाला एक आणि दोन यांत किती अंतर दिसतं, ते मला विचारा. दोन वर्षांत पोराची शाळा बदलता येते, भाड्याचं घर घेता येतं. एका वर्षात बॅगसुद्धा नीट रिकामी होत नाही.

पाचव्या दिवशी बायको वर आली. कुरडया उलटायच्या होत्या. उलटता उलटता म्हणाली, “अहो, ते उघडा तरी. कागद काय चावतोय का?”

मी फोन तिच्याकडं दिला. ती साखर कारखान्याच्या पतसंस्थेत नोकरीला आहे, कर्जाचे कागद वाचायची सवय. पहिल्या पानावरचा पगार तिनं बघितला न बघितल्यासारखा केला. एक तृतीयांश कमी होता. मग अंगठ्यानं सरासरा खाली गेली आणि दहाव्या पानावर थांबली.

“हे काय लिहिलंय? क्लबच्या इच्छेनुसार आणखी एक वर्ष, याच अटींवर?”

“त्याला ऑप्शन म्हणतात. एक अधिक एक.”

“क्लबच्या इच्छेनुसार. मग तुमच्या इच्छेनुसार कुठाय?”

बारा वर्षं करारांवर सह्या करत होतो, हा प्रश्न मी एजंटला कधी विचारला नव्हता. ऑप्शनचा अर्थ असा की एक वर्ष झाल्यावर क्लबला वाटलं तर आणखी एक वर्ष मला ठेवून घ्यायचं, नाही वाटलं तर सोडायचं. मला राहायचं असो वा जायचं असो. कधीकधी हे कलम सामन्यांच्या आकड्याला बांधतात. ठरलेले सामने खेळला की करार आपोआप वाढतो. मग मार्चमध्ये असं होतं की चांगला खेळणारा म्हातारा अचानक बाकावर दिसायला लागतो आणि प्रेक्षकांना कळत नाही, याचं काय बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. दोन सामने कमी पडावेत अशी हिशेबाच्या खोलीतली इच्छा असते.

मी बायकोला म्हटलं, “तूच सांग. जाऊ का नको?”

ती कुरडई हातात धरून उभी राहिली. म्हणाली, “मी नको म्हणणार नाही. जा असंबी म्हणणार नाही. उद्या म्हातारपणी पाय दुखला तरी तुम्ही म्हणणार, हिच्यामुळं सोडलं. ते ऐकून घ्यायला मी बसलेली नाही. तुमचं तुम्ही ठरवा, मग मी काय ते बोलते.”

झालं. क्लबनं नको म्हटलं नाही आणि बायकोनंही नाही. राहिला घोटा. पण घोटासुद्धा पूर्ण नको म्हणत नव्हता, अकरा वाजले की गप्प बसत होता.

त्याच वसंतात मँचेस्टरमध्ये एक माणूस या सगळ्यातून जात होता आणि मी त्याच्या बातम्या रोज रात्री हॉस्टेलच्या खोलीत वाचायचो. डेव्हिड सिल्वा. कॅनरी बेटांवरच्या आर्गिनेगिन नावाच्या कोळ्यांच्या गावातला हा बुटका पोरगा २०१० मध्ये मँचेस्टर सिटीत आला. मी स्टॉपर असल्यामुळं मला असल्या खेळाडूंची धास्ती जास्त. ते अंगावर येत नाहीत, तुमच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेत जाऊन उभे राहतात आणि तुम्हाला कळतं तेव्हा चेंडू जाळ्यात असतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सिल्वाने करार २०२० पर्यंत वाढवला. त्याची गोष्ट त्याने पुढं सांगितली. क्लबला दोन वर्षं वाढवायची होती, त्याने एकच घेतलं, म्हणजे बरोबर दहा होतील. दोन मिळत असताना एक घेणारा माणूस! आमच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला येड्यात काढलं असतं.

सहीची शाई वाळते न वाळते तोच, डिसेंबरमध्ये, त्याचा मुलगा दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मला. बाळ स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात हॉस्पिटलात आणि बाप मँचेस्टरच्या संघात, अशी ती पाच महिन्यांची येरझार. पेप ग्वार्दिओला हा प्रशिक्षक सरावात एकेका पावलाचा हिशेब मागणारा. त्याने सांगून टाकलं की घरचं आधी, वाटेल तेव्हा जा, जमेल तेव्हा ये. सिल्वा जायचा, यायचा, खेळायचा. त्या मोसमातल्या ३८ लीग सामन्यांपैकी २९ तो खेळला आणि सिटीने १०० गुण करून लीग जिंकली. मार्चमध्ये स्टोकविरुद्ध सिटी २-० ने जिंकली, दोन्ही गोल त्याचे. झोप नाही, जेवण धड नाही, सराव धड नाही, पण मैदानात असलो की तेवढा वेळ सगळं विसरतो, असं तो त्या दिवसांबद्दल बोलला होता.

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. आपण म्हणतो एका पारड्यात खेळ, दुसऱ्यात घर. पण घरचं दुखणं सहन व्हावं म्हणूनही माणूस खेळतो. पारडी अशी वेगळी टांगलेली नसतात. (आणि हेही सांगायला हवं की तो अडीच तासांचं विमान पकडून पोराजवळ पोचायचा. आमच्याकडं तत्काळचं तिकीट, तेही वेटिंग. मोठ्या खेळाडूचं मन आपल्यासारखंच असतं, सोयी नसतात.)

मे महिन्यात बाळ घरी गेलं. ऑगस्टमध्ये सिल्वाने स्पेनच्या संघातून निवृत्ती घेतली. १२५ सामने, ३५ गोल. आणि लगेच त्या आठवड्यात, १९ ऑगस्टला, हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्याला तो पोराला कडेवर घेऊन मैदानात आला. त्याच सामन्यात फ्री किकवर त्याने गोल मारला. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला, सांगत नाही. गोल नव्हे, आधीचा भाग. बोगद्यातून बाहेर येताना पोराचं डोकं त्याच्या हनुवटीखाली आहे आणि तो गर्दीकडं न बघता खाली बघतोय.

दहा वर्षं झाल्यावर त्याने सिटी सोडलीच. पण निरोप कसला? २०२० चा उन्हाळा, करोना, शेवटचा लीग सामना नॉर्विचविरुद्ध रिकाम्या स्टेडियममध्ये. पुतळा झाला वर्षभरानं. आणि लोकांना वाटलं होतं की हा आता घरी बसेल, तर तो रिआल सोसिएदादकडून आणखी तीन मोसम खेळला, स्पेनचा कप जिंकला आणि ३७ व्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, गुडघ्याचा लिगामेंट तुटल्यावर थांबला. म्हणजे शेवटी ‘नको’ कोण म्हणालं, तर गुडघा.

आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, भिशी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि निळ्या पेनानं माझे सामने. बायको ‘हो’ आणि ‘अ’ लिहायची. हो म्हणजे होम, अ म्हणजे अवे. लेक तेव्हा पहिलीतून दुसरीत गेली होती, नवं नवं वाचता यायला लागलेलं. एकदा फोनवर तिनं विचारलं, “बाबा, आज तुमची होम मॅच आहे ना? मग तुम्ही होम का नाही?”

मी तिला समजावलं की होम म्हणजे क्लबचं घर. ती म्हणाली, “मग आपलं घर अवे?”

हसलो मी. फोन ठेवल्यावर खोलीतल्या पोरांनाही सांगितलं, तीही हसली. त्यातला एक मणिपूरचा, लग्न ठरलेला, तो हसला नाही.

त्या मे महिन्यात बायकोनं कालनिर्णयचे जुने महिने उलटून मी घरी असलेले दिवस मोजले. कुठं भांडण नाही, आदळआपट नाही. पतसंस्थेत व्याज काढतात तसं पेन्सिलनं काढलं. वर्षात एकाहत्तर. त्यातले नऊ दिवस मी दुखापत घेऊन आलो होतो, ते धरायचे का, एवढंच तिनं विचारलं.

फर्नांदिन्यो, सिटीचाच ब्राझिलियन कर्णधार, याने हा पेच फार साधेपणानं सोडवला. एप्रिल २०२२, माद्रिद, मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशीची पत्रकार परिषद. कोणीतरी विचारलं, नवा करार करणार का? तो म्हणाला, नाही, मला वाटत नाही. घरच्यांशी बोलून ठरलंय, ब्राझीलला परत जाणार. ग्वार्दिओलाला हे पत्रकारांकडूनच कळलं. फर्नांदिन्योला सदतीस पुरी व्हायला काही आठवडे होते. तो गेला, आपल्या जुन्या क्लबकडून खेळला आणि त्याच वर्षी कोपा लिबेर्तादोरेसच्या फायनलपर्यंत पोचला. रोमा क्लबच्या तोत्तीच्या घरी उलटं झालं: त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला बायकोनं मुलाखत दिली आणि नवऱ्याला बाकावर बसवणाऱ्या प्रशिक्षकाला खुजा माणूस म्हटलं. बायका नेहमी ‘आता घरी या’ म्हणतात, हा आपला समज. त्यांना नवरा घरी हवा असतो, पण बाकावरून उठवून आणलेला नको असतो.

याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याकडचाच आहे. सुनील छेत्री आणि मी एकाच वर्षी जन्मलो, साम्य तेवढंच. १६ मे २०२४ रोजी त्याने व्हिडिओ टाकून भारताच्या संघातून निवृत्ती जाहीर केली. आदल्या ऑगस्टमध्ये त्याला मुलगा झाला होता. त्या व्हिडिओत तो सांगतो की आधी घरी सांगितलं. वडील शांत होते, त्यांना सुटल्यासारखंच वाटलं. आई आणि बायको मात्र रडायला लागल्या. तो त्यांना म्हणाला, तुम्हीच तर म्हणायचात, मला खेळताना बघून जीव टांगणीला लागतो. आता सोडतोय तर रडता कशाला? त्या दोघींनाही कारण सांगता आलं नाही. सुनीलची बायको म्हणजे मोहन बागानच्या सुब्रत भट्टाचार्यांची मुलगी. ती फुटबॉलपटूच्याच घरात वाढली, तरीही.

६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो शेवटचा खेळला. ०-०. हात जोडून, रडत बाहेर आला. ९४ गोल. आणि मार्च २०२५ मध्ये परत आला! शिलाँगला मालदीवविरुद्ध हेडरनं ९५ वा मारला, वय चाळीस.

आमचे दादा, म्हणजे वडील, पस्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर होते. टीव्हीसमोर बसून म्हणाले, “मोटर बंद केली तरी चक थोडा वेळ फिरत राहतो. तेव्हा मधे हात घालायचा नसतो.” लोक सुनीलला नावं ठेवत होते, तरण्यांची जागा अडवतो म्हणत होते. त्यात तथ्यही होतं; त्याच्या जागी गोल करणारा दुसरा तयार झाला नाही, हा दोष मात्र त्याचा नव्हे. मला दादांचं पटलं.

माझा चकही फिरतच होता. कुरडया डब्यात गेल्या त्या संध्याकाळी मी क्लबच्या मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, येतो, एक वर्ष, पगार तुम्ही म्हणता तो. फक्त दहाव्या पानावरचं कलम काढा. मला वाटलं होतं घासाघीस होईल, दोन दिवस घेतील, एजंट मधे पडेल. अर्ध्या तासात नवी पीडीएफ आली. कलम गेलेलं. इतक्या सहज, की मला कळायचं ते कळलं. ते ऑप्शन ते वापरणारच नव्हते.

बायकोला सांगितलं. ठरल्याप्रमाणे ती मग बोलली, आणि अर्धा तास बोलली. ते इथं लिहिणार नाही.

आधीच्या एका क्लबनं माझे तीन महिन्यांचे पगार लटकवले होते, त्यामुळं पैशाची भीती मला होतीच. त्याच वर्षी जूनपासून फिफाने नियम आणला की दोन महिन्यांचा पगार थकला आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मिळाला नाही, तर खेळाडू करार मोडू शकतो. मी तो नियम फोनवर जपून ठेवला होता. गरज पडली नाही. पगार वेळेवर आले. सामने आले नाहीत. सात सामने खेळलो, बाकी वेळ बिब घालून बाकावर. माझ्या जागी एकवीस वर्षांचा पोरगा खेळत होता, चांगला होता, चुका करायचा. मी त्याला ओरडून ओरडून जागा सांगायचो आणि रात्री घोट्यावर बर्फ बांधून मनात म्हणायचो, घरी असतो तर आत्ता पोरीचा अभ्यास घेत असतो. तिकडं घरी कालनिर्णयवरची पद्धत बदलली होती. बायकोनं हो-अ लिहिणं बंद केलं होतं. मी ज्या दिवशी घरी येणार, तेवढ्याच तारखेला गोल.

शेवटचा सामना परगावी होता. ८१ व्या मिनिटाला डाव्या बॅकला गोळा आला म्हणून मला घातलं, तेही माझ्या जागेवर नव्हे. चेंडूला चारदा पाय लागला. मार्च २०१९ मध्ये मोसम संपला आणि एप्रिलमध्ये क्लबची एका पानाची पीडीएफ आली. सेवेबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आदल्या वर्षी ज्याची वाट बघत होतो ती हीच. या वेळी मी एका सेकंदात उघडली. आणि मग गच्चीवर जाऊन बराच वेळ बसलो. कुरडया अजून घालायच्या होत्या, राखायला काही नव्हतं.

आता मी पोरांना शिकवतो. सकाळी शाहू स्टेडियमजवळच्या मैदानावर, संध्याकाळी एका शाळेत. कोल्हापुरात फुटबॉल शिकवणाऱ्याला काम कमी पडत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, बालगोपाल, प्रत्येक तालमीच्या गल्लीत पाच-सहा पोरं आहेत ज्यांना अनिकेत जाधव व्हायचंय. १७ वर्षांखालच्या विश्वचषकात, २०१७ साली, आपल्याच गावचा पोरगा खेळला हे त्यांनी लहानपणापासून ऐकलंय. घोटा बरा आहे. जिना अजून तिरकाच उतरतो.

मागच्या महिन्यात एक पोरगा करार घेऊन आला. सतरा वर्षांचा, विंगर, पळतो वाऱ्यासारखा. बाहेरच्या राज्यातल्या क्लबचा कागद. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला फिफाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांपेक्षा जास्त बांधता येत नाही, ते या कागदात पाळलं होतं. बरोबर त्याची आई होती, स्कूटर लावून आलेली, हेल्मेट हातात. पोराला पगाराचं पान दाखवायचं होतं. त्या बाईंनी मात्र सगळे कागद एकदा खालीवर केले आणि विचारलं, “सर, सुट्टीचं कुठं लिहिलंय?”

बायकांच्या फुटबॉलमध्ये २०२१ पासून फिफाने बाळंतपणाची किमान चौदा आठवड्यांची पगारी रजा सक्तीची केली. आइसलंडच्या सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिरने गरोदरपणातला थकलेला पगार ल्याँ क्लबकडून लढून मिळवला, तो याच नियमावर, २०२२ मध्ये. पुरुषांच्या करारात असं घरचं कलम मी माझ्या बारा वर्षांत कधी पाहिलं नाही. सिल्वाला रजा मिळाली ती ग्वार्दिओलाच्या तोंडच्या शब्दावर.

मी त्यांना सुट्टीचं अर्ध्या ओळीचं कलम शोधून दिलं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि मागच्या बाजूनं पानं उलटत दहाव्या पानावर आलो. इथं ते नवव्या पानावर होतं.